जिम्नॅशियम आणि भावोजींचा कोट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (हल्ली लिहिण्यापुरताच, खरा घालायला गेलो तर पोट आधी टेकतं.) तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे मजेत, मी जरा जास्तच.

भाचीच्या लग्नात तिच्या बाबांच्या जागी मी उभं राहायचं, तेही भावोजींचाच कोट घालून, असं तू ठरवलंस, आणि कोट पोटावर मिटेना म्हणून माझं नाव जिममध्ये घातलंस. आता शब्दकोशाच्या कचेरीत उभी हयात बसून काढलेला माणूस तिथे गेला, तर आधी शब्दाचंच वजन करणार ना? पहिल्याच दिवशी तिथल्या शिक्षकाने (सगळे त्याला पैलवान म्हणतात) मला धावत्या पट्ट्यावर चढवलं. दम खायला काहीतरी सबब हवी, म्हणून मी म्हटलं, बाबा रे, 'जिम्नॅशियम' हा शब्द मूळचा ग्रीक. 'गिम्नोस' म्हणजे उघडा. तिथे लोक अंगावर चिंधी न ठेवता कसरत करायचे. (शेजारच्या सायकलवरच्या काकूंनी टॉवेल सावरला.) कसरत झाली की तिथेच विद्वानांचे वादही रंगायचे. पुढे जर्मनांनी त्यातली कसरत गाळली आणि शाळेलाच 'गिम्नाझियुम' म्हणू लागले. डेन्मार्कमध्येही ती शाळाच. इंग्रजांनी विद्या गाळून घाम ठेवला. आणि गंमत म्हणजे खुद्द ग्रीसमध्येही आज या नावाने शाळाच भरते! म्हणजे निम्म्या युरोपच्या मते मी नुसता बाकावर बसलो तरी जिम झालीच. पैलवान मांडी घालून ऐकू लागला, काकूंनी सायकल सोडली, आणि हळूहळू चटयांवर माझा वर्गच भरू लागला. एकदा मालक तणतणत आला, "काका, इथे घाम कोण गाळणार?" मी म्हटलं, "बसा मालक, जर्मनी अजून व्हायचाय." बसला की! तेव्हा माझं उत्तम चाललंय. कोट तेवढा परत पाठवतो, शिंप्याकडून ऐसपैस करून घे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. कोट पाठवत नाही. उसवून वाढवला तर भाचीला तो बाबांचा वाटायचा नाही.

आणखी एक ता. क. वर्ग सुटला की पैलवान मला रोज इंग्रजी अर्थाने पळवतो. (कचेरीत कुणाला कळू देऊ नकोस.) काल वरचं बटण लागलं, ताई! भावोजी फोटोत एवढे ताठ का उभे असायचे, ते आत्ता कळलं. श्वास घ्यायला जागाच नाही. आरशासमोर बराच वेळ तसाच उभा राहिलो, त्यांची फार आठवण आली. पोटावरची दोन बटणं अजून बाकी आहेत. म्हणून एकच मागतो, लग्नाची तारीख जरा लांबची धर. भाचीला म्हणावं, मामा कोटात शिरतोय, थोडा धीर धर.