घर म्हणजे कारखाना नाही

अण्णा,

गेल्या महिन्यात ऑफिसात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. तुम्ही ज्याला 'वांड' सोडून दुसऱ्या नावानं क्वचितच हाक मारलीत, तो तुमचा पोरगा आता बेळ्ळंदूरच्या एका काचेच्या इमारतीत सुपरवायझर आहे. कॉम्प्युटरवाला साहेब नाही हं, उगाच छाती फुगवू नका. लाइट गेली, एसी गळला, नळ तुंबला की ज्याच्या नावानं बोंब मारतात तो मी. हाताखाली पोरं आहेत, कुणी बिहारचा, कुणी रायचूरचा. कंपनीनं आम्हा सुपरवायझर लोकांना एका खोलीत कोंडून दिवसभर ट्रेनिंग दिलं, लीडर कसा असावा म्हणून. मॅडम पडद्यावर चित्रं दाखवत होत्या, एक लीडर सिंहासारखा, एक मेंढपाळासारखा. मी मागच्या खुर्चीत, अजून मागेच बसतो अण्णा, शेजारच्याला म्हटलं, "आपला मॅनेजर यातला कुठला प्राणी रे?" तो फिसकन हसला आणि मॅडमनी मलाच उभं केलं. म्हणाल्या, तुमच्या माणसाची चूक झाली तर तुम्ही काय करता?

मी सांगितलं. आमच्या एका पोरानं चुकीचा स्विच पाडला आणि फॉरेनच्या पाहुण्यांची मीटिंग चालू असताना अख्खा मजला काळोखात गेला. पोरगा धावत माझ्याकडंच आला. "सर, गलती हो गया." मी म्हटलं, "पहले बैठ. चाय पी." मग त्याला घेऊन वर गेलो आणि मॅनेजरला सांगितलं, माझ्या टीमची चूक आहे, काय बोलायचं ते मला बोला. आमच्यात तोच कायदा आहे. स्वतः येऊन सांगितलं तर आवाज चढणार नाही, लपवलं तर मात्र खैर नाही. मॅडमनी विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, "वडिलांकडून." तेव्हा वाजल्या त्या टाळ्या. मी मान खाली घालून बसलो, कारण ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं. मी ते फक्त लांबून बघितलं होतं.

आयुधपूजेला तुमचा कारखाना घरच्या लोकांना उघडा असायचा, आठवतंय? मशिनींना झेंडूच्या माळा, लेथवर हळदीकुंकू, दारात कुंकू लावून फोडलेला कोहळा. मी पाचवीत असेन. तुमच्या टेबलाशी मी चुरमुऱ्यांची पुडी घेऊन उभा आहे. एक अप्रेंटिस येतो, तोंड पडलेलं, हातात लोखंडाचा तुकडा. आदल्या दिवशी त्यानं जास्त कापून ठेवलेला जॉब. सणाच्या दिवशी. मी श्वास धरून बघतोय, आता याची पाठ सोलून निघणार. आणि तुम्ही पायानं स्टूल पुढं सरकवता. "कूतको," म्हणता, बस. त्याला चहा मागवता, तो तुकडा उलटासुलटा करता आणि तुमच्या तरुणपणी तुम्ही याहून महागाचा जॉब कसा वाया घालवला होता ते सांगता. तो हसतो. तुम्ही पण हसता. अण्णा, तुमचे वरचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. तिथं सगळे तुम्हाला अण्णाच म्हणायचे, कन्नडातला मोठा भाऊ. मला वाटलं, हे अण्णा छान आहेत. हे घरी का येत नाहीत?

मग मी काय केलं असेल? सहामाहीत गणितात गचकलो, तेव्हा पेपर दप्तरात लपवायचा सोडून तुमच्यासमोर नेला. तुम्ही जेवून बसला होता. मी छाती काढून म्हटलं, "अण्णा, जॉब बिघडला." आई ओट्यापाशी थबकली. माझी खात्री होती, तुम्ही हसणार. तुम्ही पेपर बघितलात, नीट घडी घालून मला परत दिलात आणि म्हणालात, "घर म्हणजे कारखाना नाही." एवढंच. मारलं असतंत तर बरं झालं असतं. दिवाळीपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. फराळ वाढतानासुद्धा आईला सांगायचात, "त्याला विचार, चकली पाहिजे का."

तेव्हापासून मी खोड्या काढायला लागलो, तुमचं तोंड उघडावं म्हणून. तुमच्या चपला उलट्यापालट्या ठेवल्या. रेडिओचे सेल काढून त्यात खडू घातले. एकदा चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तुम्ही तो चहा शेवटपर्यंत प्यायलात, कप ठेवलात, टोपी घातलीत आणि ड्यूटीला गेलात. मी दाराआड. मला इतकं अपमानासारखं वाटलं म्हणून सांगू.

तुम्ही गेलात ते मी पीयूसीत, म्हणजे बारावीत, नापास झालो त्या वर्षी. तेराव्याला कारखान्यातले लोक आले, मोठमोठे बाप्ये, पोरांसारखे रडत होते. त्यातला एक जण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तूच ना तो, चहात मीठ घालणारा? अण्णा त्या दिवशी मशीनशॉपमधे आले आणि हसून हसून खाली बसले. सगळ्यांना सांगत होते, माझा पोरगा डेंजर आहे." तो रडतारडता हसत होता. मला दोन्ही आलं नाही. मी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरत बसलो, तो भरलेला होता तरी. तुम्हाला हसू आलं होतं. तुम्ही ते रस्त्यात धरून ठेवलंत, आणि गेटच्या आत गेल्यावर सोडलंत.

मी ठरवलं होतं, आपल्याला पोर झालं की त्याच्याशी नुसती मस्ती करायची. मुलगी झाली. पहिलीत आहे आता. मला पप्पा म्हणते, अरे-तुरे करते, माझ्या पाठीवर बसून, सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकमधे आहोत असं समजून, तोंडानं हॉर्न वाजवते. मला वाटायचं, झालं, जिंकलो. ट्रेनिंगच्या दिवशी संध्याकाळी मी टाळ्यांच्या धुंदीतच घरी आलो आणि जाहीर केलं, आजपासून आपल्या घरातही माझ्या टीमचा कायदा. चूक स्वतः येऊन सांगायची, पप्पा रागावणार नाही. बायको म्हणाली, "बघू हं." पोरगी म्हणाली, "प्रॉमिस?" मी म्हटलं प्रॉमिस.

दोनचार दिवसांत ती आलीच. ओल्या हातात माझा फोन. मी सकाळी म्हटलं होतं ना, फोन फार घाण झालाय, म्हणून तिनं त्याला बादलीत बुडवून साबण लावून आंघोळ घातली होती. "पप्पा, मी स्वतः सांगते, हं," म्हणाली. अण्णा, याच्यावर तर माझ्यासारख्यानं लोळून हसायला पाहिजे होतं. मी ओरडलो. असा ओरडलो की खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या, "एन आयितु, काय झालं? स्वल्प हळू." पोरगी रडली नाही. फोन टेबलावर ठेवला आणि फ्रॉकला हात पुसले.

त्यानंतर इस्त्रीचं प्रकरण झालं. बाहुलीचा फ्रॉक इस्त्री करायला गेली आणि उजव्या तळव्याला चटका बसला. आम्हाला काही पत्ता नाही. रात्री डाव्या हातानं जेवत होती. मी म्हटलं, "काय गं, आजपासून डावखुरी का?" ती हसली. चांगली खळखळून हसली, आणि उजवा हात मांडीखाली होता. माझ्या विनोदावर, अण्णा, आमच्या घरात कुणी हसलं नाही असं होत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला, मी धावत गेलो. मिसनी तिनं हाताला गुंडाळलेला रुमाल सोडून दाखवला. फोड फुटलेला, रुमाल चिकटलेला. मिस म्हणाल्या, "ती सारखी एकच म्हणते, पप्पांना सांगू नका." आईला नाही, मला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, खूप दुखतंय का पुट्टी, बाळा? तिनं उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघितलं. दुखतंय म्हणायला परवानगी आहे का, ते बघत होती. असं कुणाकडं तरी बघणं मला पाठ आहे. म्हणून तर मी ओळखलं.

ऑफिसात इतके साहेब लोक बघितले, तरी मला तुमचं कोडं सुटलं नव्हतं. ते तिथं, दवाखान्याच्या बाकड्यावर सुटलं. माझ्या टीमचा पोरगा चुकला तर जास्तीत जास्त मजल्यावर काळोख होतो. त्याला मी माफ करू शकतो, कारण तो माझा नाही. त्याचं पुढं काय होणार ही भीती रायचूरला कुणी दुसरा बाप वागवत असेल. ही चुकली की माझ्या अंगातून वीज जाते. आज फोन, उद्या काय? ही माझ्यासारखी वांड निघाली तर? शिकली नाही तर? ओरडतो तो मी नसतोच, ती भीती ओरडते. तुमची बहुतेक गप्प बसायची. पण अण्णा, मला समजलं म्हणून तिला काय उपयोग? पोराला भीती दिसत नाही, बाप दिसतो.

काल रविवार. ती गॅलरीत डाव्या हातानं चित्र काढत होती. मी स्टूल घेऊन बसलो आणि म्हटलं, आज माझी चूक सांगतो. ऑफिसात मी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व बंद करायला विसरलो, खाली पार्किंगमधे तळं झालं, साहेबांनी चारचौघांत झापलं. खरंच झालं होतं ते, शुक्रवारी. तिनं खडू खाली ठेवला.

"तू रडलास?"

"स्वल्प."

"मग घरी कुणाला सांगितलंस?"

"तुलाच पहिल्यांदा."

मी वाट बघत होतो. मला वाटलं, आता ती पण काहीतरी सांगेल. ती जवळ आली, पट्टीचा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि अगदी हळू, मोठ्या बाईसारखी म्हणाली, "घाबरू नको पप्पा. मी कुणाला नाही सांगणार."

लपवून ठेवणं, तिच्याजवळ देण्यासारखं जे होतं ते तिनं दिलं. मी मान हलवली.

हे सगळं लिहिलंय खरं, पण तुम्ही आत्ता समोर खुर्चीत बसला असतात, चष्मा पुसत, तरी हा कागद मी तुमच्या हातात दिला नसता. अजून भीती वाटते, अण्णा.