लेण्यातून उठवलेली माणसं

अण्णा, माझ्या निवृत्तीला थोडेच महिने उरलेत आणि मी फार दमले आहे. तुम्ही ज्या खात्यात लेण्यांचे पहारेकरी होतात, त्याच खात्याच्या शहरातल्या कचेरीत माझं आयुष्य गेलं. वर्ष अजून तसंच फिरतं. उन्हाळ्यात आग्या मोहोळांची भीती. मृगाआधी डोंगरमाथ्यावरच्या चऱ्या उपसून पाणी बाजूला वळवायचं, मग पाऊसभर गळती शोधत हिंडायचं. दिवाळीनंतर फटींत शिरलेली पिंपळाची मुळं काढायची, आणि थंडीत येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘भिंतीला हात लावू नका’ सांगत घसा बसवून घ्यायचा. दगड झिजतोच, आपण त्याला जरा उशिरा झिजायला लावतो, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा मला ते केवढं मोठं काम वाटायचं.

पोलीस ॲक्शननंतर निजामाचं खातं गेलं आणि दिल्लीचं आलं, तेव्हाचा पावसाळा आठवतोय. तुमचा कोट नवा, बिल्ला नवा. दिल्लीहून साहेब तपासणीला येणार म्हणून लेणी रिकामी करायचा हुकूम सुटला होता. शेवटच्या लेण्यात पिशोरकडचं एक मेंढपाळ कुटुंब दर पावसाळ्याला उतरायचं. म्हातारी, तिचा मुलगा आणि त्या साली दिवस भरत आलेली सून. त्यांच्या चुलीनं छत काळं पडत होतं, हेही खरंच. मी तुमची भाकरी घेऊन वर आले, तेव्हा तुम्ही दाराशी उभे राहून सांगत होतात, “आजी, उठावं लागंल.”

“कुणाचा हुकूम?”

“सरकारचा.”

“सरकार बदललं म्हनं. पाऊस तर तोच हाय ना, बाबा?”

तुम्ही दारातून बाजूला झालात. मुलानं घोंगड्या गुंडाळल्या, मेंढरं बाहेर काढली. निघायच्या आधी म्हातारीनं सगळं लेणं झाडून काढलं. उतारावर निम्म्यात सून पोट धरून खालीच बसली. तुम्ही नवा कोट तिच्या अंगावर टाकलात आणि सगळ्यांना आपल्या खात्याच्या खोलीवर आणलंत. आई चुलीवर पाणी चढवते आहे, मला बाहेर पिटाळते आहे, आणि अंगणात भिजलेल्या मेंढरांच्या वासानं जीव नकोसा होतो आहे. दिवस मावळायच्या आत आपल्या स्वयंपाकघरात मुलगी झाली.

साहेब आले तेव्हा ती माणसं आपल्याकडेच होती. लेणी बघून खूश झालेले साहेब आपल्या अंगणाशी थबकले. “ये कौन हैं?”

“मेहमान हैं, साब.”

“सरकारी क्वार्टर में भेड़?”

“हुक्म लेणी का था, साब. लेणी खाली है.”

पुढं बढतीच्या वेळी तुमचं नाव मागंच राहिलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. पण मी मात्र शाळेत मिरवत होते, आम्ही बेघर माणसांना घर दिलं म्हणून. ते तुमच्या कानावर गेलं. कधी आवाज न चढवणारे तुम्ही त्या दिवशी ताडकन म्हणालात, “आधी घेतलं, मग दिलं. पहिलं विसरायचं नाय.” आई मधे पडली, पण तुम्ही त्या संध्याकाळी जेवला नाहीत.

गेल्या आठवड्यात लेण्यांच्या पायऱ्यांशी बसणारी सीताफळवाली उठवायची होती. कागद माझ्याच टेबलावरून गेला, म्हणून मीच जाऊन तिला सांगितलं. “बाई, मग मी कुठं बसू?” तिनं विचारलं. गाड्या थांबतात तिथं कडेला तिला जागा द्यावी म्हणून मी दोन दिवस कचेरीतल्या साहेबांच्या मागं लागले. ‘नियमात बसत नाही.’ तिसऱ्या दिवशी ती पाटी डोक्यावर घेऊन निघून गेली. कुठं गेली, मला माहीत नाही.

तुम्ही गेल्यावर हे पत्र पोचवायला पत्ता उरला नाही. असता तरी मी ते टाकलं नसतं, कारण ती गेल्यावर तू काय केलंस, हेच तुम्ही विचारलं असतं. तर सांगूनच टाकते. त्या दिवशी मी घरी आले, पोटभर जेवले, आणि अण्णा, मला लगेच झोप लागली.