मुंग्यांची वाट

९ सप्टेंबर २००५
डाव्या हातानं लिहून राहिलो. अक्षर म्हणजे कोंबडी नाचली! उजव्याची तीन बोटं मेलेली. फोपनारच्या मळ्यात केळीचा घड कापताना विळा मनगटात घुसला, आतली, बोटाइले जाणीव देणारी नस तुटली. शिवली — दोन महिने झाले, तरी लाकूड.

आज डॉक्टरनं समजावलं. म्हणे, शिवल्यावर नसेचं टोक हळूहळू बोटांकडं वाढते. रस्त्यातल्या पेशींवर चिकट प्रोटीन राहतात, त्याइले धरत धरत पुढं सरकते. धरायले काही भेटलं नाही, तर तिथंच गाठ होऊन बसते. म्या म्हटलं, "मंग केळीचा चीक भरून द्या ना साहेब, कपड्यावरून तर जिंदगीभर निघत नाही." ते हसले. मंग म्हणे, "बोटात मुंग्या आल्या की समज, नस पोचली. दिवाळीपर्यंत नाही आल्या, तर मुश्किल आहे."

माय हसली नाही.

१७ सप्टेंबर
नाही आल्या.

२ ऑक्टोबर
माय रोज सकाळी तेच विचारते — आल्या का? आज तिचं तोंड पाहवलं नाही. म्हटलं, आल्या! राजघाटावर जाऊन तापीमायले नारळ फोडून आली. गल्लीभर गूळ वाटला. आजवर इतक्या लोकाइले बनवलं, पण आज माझ्या वाटचा गूळ म्या तसाच ठेवून दिला.

९ ऑक्टोबर
डॉक्टरनं डोळे मिटायले लावले. विचारलं, सुई कोणत्या बोटाले टोचली? म्या ठोकून दिलं — मधल्या. ते म्हणे, सुई टोचलीच नव्हती! माय समोरच बसली होती. घरी येताना टेम्पोत ती पुढं डायवरजवळ जाऊन बसली.

२० ऑक्टोबर
दुपारी ओट्यावर झोपलो होतो. लोटूनं — माझ्याच केळी कापायच्या टोळीतला, चेलाच माझा — माझ्या बोटाइले गूळ लावून लाल मुंग्या सोडल्या. "घे, आल्या तुझ्या मुंग्या!" जाग आली ती त्याच्या हसण्यानं. बोटं चावून चावून सुजलेली, अन् मले पत्ताच नाही. दुसऱ्या कोणाची असल्यासारखी पडून होती. पयले लोटू रडला. मंग मी.

२८ ऑक्टोबर
हात कापून फेकावा वाटते. केळीचं सोड, शर्टाची गुंडी लागत नाही. माय लावून देते.

१ नोव्हेंबर, दिवाळी
माय करंज्या भरत होती, मी बाजूले बसलेलो. अंगठ्याजवळच्या बोटाच्या मुळाशी एकदम चावलं. ओरडलो — माय, मुंग्या!

तिनं वर पाहिलं नाही. "गूळ सांडला असंल तिथं. झटक."

हात उलटा केला, सुलटा केला. खाली पाहिलं.

एक पण मुंगी नव्हती.