बाकावरच्यांना कळलं पाहिजे

४ मार्च

नगारा आला! आमच्याच दवाखान्यात, एक माणूस पुढे, एक मागे. आमच्या घरात त्या पुढाऱ्याला नगारा म्हणतात. वरचे सगळे दात गेलेत. "दात गेले, आवाज नाही गेला," असं स्वतःच म्हणून स्वतःच हसला. वीस तारखेला मोठी सभा आहे, त्याआधी कवळी हवी. डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं आणि मागच्या खोलीत माझ्या हातात आणून दिलं.

तेवीस वर्षं मी या खोलीत लोकांचे दात करते. सगळे मला कवळीबाई म्हणतात. आज पहिल्यांदा एक माप हातातून सोडून द्यावंसं वाटलं.

गेल्या महिन्यात चौकात हाच माणूस म्हणाला होता, "पलीकडून आलेली ही माणसं नाहीत, वाळवी आहे. वाळवीशी कुणी बोलत बसत नाही. ती जाळावी लागते." तिसऱ्या दिवशी दवाखान्यापासून दोन दारं सोडून असलेलं टेलरबाईंचं दुकान जळालं. मशीन गेलं, गिऱ्हाइकांचे कपडे गेले. ह्यांची कमरेत सैल करायला दिलेली पँटही गेली. टेलरबाई पलीकडून आल्या त्याला एकोणीस वर्षं झाली. वाळवी म्हणे!

५ मार्च

जेवताना बोलून गेले. पेशंटचं घरी बोलायचं नसतं, पण राहवलं नाही. धाकटीने चमचा खाली ठेवला. "आई, सैल कर! पडू दे सभेत, सगळ्यांसमोर." ह्यांना हसता हसता ठसका लागला. मग कितीतरी वेळ तिघंही तेच चित्र रंगवत होतो. नगारा दातओठ खायला जातो आणि दात टेबलावर! महिन्याभरात इतकं हसलो नव्हतो.

हे मात्र हात धुताना म्हणाले, "तुझ्याच्याने होणार नाही." त्याचा जास्त राग आला.

७ मार्च

साचा तयार आहे. टाळूच्या मागच्या कडेला प्लास्टरमध्ये एक बारीक चर कोरावा लागतो. दिसायला काहीच नाही, पण त्या चरामुळेच कवळी वर घट्ट धरून राहते. चर नसला तर दवाखान्यात ठीक वाटते, पण मोठ्याने आ केला की सुटते. आणि नगाऱ्याला हळू बोलता येतं कुठे!

कोरला नाही. कोरणी हातात घेतली, पुसली, परत ठेवली.

८ मार्च

अजूनही नाही. मजा वाटायला हवी होती. वाटत नाही.

९ मार्च

टेलरबाईंकडे गेले. घरी एका खोलीत उसन्या मशीनवर शिवताहेत. भिंतीशी दोन ट्रंका, एक भरलेली. महिनाअखेरीस भावाकडे जाणार, कायमच्या. मला काय बोलावं सुचेना, म्हणून चराची गोष्ट सांगून टाकली. म्हटलं, निदान हसतील.

हसल्या नाहीत. दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "पडली तर लोक कवळीला हसतील, ताई. माझ्या दुकानाचं काय?"

मी त्या भरलेल्या ट्रंकेकडे पाहिलं. मग त्याच पुन्हा म्हणाल्या, "मी कोण, हे तरी ठाऊक आहे का त्याला?"

घरी येताना कान गरम झाले होते. मी त्यांच्यासाठी म्हणून करत होते आणि त्यांना विचारलंही नव्हतं. खरं सांगायचं तर ते मी माझ्याच मजेसाठी करत होते. आणि त्याला कधी कळलंही नसतं, की कुणी केलं, का केलं. डाव साधून पळणारं पोरही तेच करतं. रात्रीतून दुकान जाळणाऱ्यांनी तरी दुसरं काय केलं?

पण मग गप्प बसायचं? छान घट्ट कवळी करून द्यायची आणि म्हणायचं, घ्या साहेब, आता नीट बोला?

१० मार्च

डॉक्टरीणबाईंनी साचा पाहिला. उजेडाकडे धरला, बोट फिरवलं. त्यांना कळणारच! मी मान खाली घातली. त्यांनी आरडाओरडा केला नाही. फक्त कोरणी माझ्यासमोर ठेवली. मी ती लगेच उचलली नाही. म्हटलं, कोरते, पण एक विचारायचं आहे. त्याचं वाचन होणार का?

आमच्याकडे रीत आहे. थोरल्या डॉक्टरांनी, म्हणजे बाईंच्या वडिलांनी घालून दिलेली. नवी कवळी बसवली की पेशंटने बाहेरच्या दारात उभं राहून वर्तमानपत्रातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा. बाकावर बसलेल्यांनी ऐकायचं आणि "कळलं" म्हणायचं. एकानेही "नाही कळलं" म्हटलं तर कवळी परत माझ्याकडे. "आरसा खोटं बोलतो, बाक नाही," असं थोरले म्हणायचे. वर्तमानपत्र कोणतं, ते मी ठरवते. तेवीस वर्षं मीच ठरवते.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. दवाखाना त्यांचा आहे, फुटल्या तर काचाही त्यांच्याच. मग म्हणाल्या, "वाचन सगळ्यांचंच होतं." आणि जाता जाता, "पण कवळी अशी कर, की त्याला उत्तर देता आलं पाहिजे."

चर कोरला. हात जरासाही हलला नाही.

१३ मार्च

कवळी तयार. पॉलिश करून पाण्यात ठेवली आहे. इतकं चोख काम बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, याचाही राग आला! टेलरबाईंना विचारून आले. येते म्हणाल्या. साडेदहाला.

१४ मार्च

लिहून काढते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बाकावर सहा जण होते. कडेला टेलरबाई, इस्त्रीच्या कपड्यांत, मांडीवर पिशवी. कवळी बसली, एकदम बसली. नगाऱ्याने आ केला, जबडा फिरवला, खूश झाला. वाचनाचं सांगितल्यावर तर आणखीच खूश. समोर माणसं असली की त्याला उधाण येतं. दारात उभा राहिला, घसा साफ केला. मी गेल्या महिन्याचं वर्तमानपत्र दिलं, घडी घालून, तेवढाच परिच्छेद वर.

पहिल्या दोन ओळी त्याने झोकात वाचल्या. स्वतःचं भाषण आहे हे कळल्यावर तर आवाज चढलाच. "ही माणसं नाहीत, वाळवी आहे," स्पष्ट, खणखणीत. "ती जाळावी लागते." संपलं. त्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, टाळ्या येतील.

टेलरबाई उठून उभ्या राहिल्या.

"कळलं, साहेब," त्या म्हणाल्या. "शब्द न् शब्द कळला. दोन दारं सोडून जळालेलं दुकान माझं आहे."

आवाज वाढवला नाही. शिवी नाही, शाप नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, त्याने बघेपर्यंत. त्याचा माणूस पुढे सरकला, तर नगाऱ्यानेच हात आडवा केला. मग बाकावरचे पोस्टमन म्हणाले, कळलं. मग एक आजी. मग एकेक करत सगळेच.

तोंडात रतीभरही चूक नसलेली कवळी, बोलायला काही अडचण नाही, आणि दातखीळ बसली! मला रीतीप्रमाणे विचारावंच लागलं, "कुठे टोचत नाही ना?" त्याने मान हलवली. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि निघून गेला.

१५ मार्च

झोप नाही. हीही फजितीच झाली की काय? पण त्याचेच शब्द होते, त्याचाच आवाज, आणि उत्तर द्यायला तोंड मोकळं होतं. तरी खात्री नाही. ह्यांनी न सांगता दाराला दुसरी कडी बसवली.

१६ मार्च

कुणी आलं नाही. काचा शाबूत.

१८ मार्च

टेलरबाई घरी आल्या, टेप घेऊन. ह्यांच्या कमरेचं माप घेतलं. जळालेल्या पँटच्या बदल्यात नवी. "पुढच्या महिन्यात मिळेल," म्हणाल्या. पुढच्या महिन्यात! मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२१ मार्च

धाकटीने फोनवर कालची सभा दाखवली. तेच भाषण, तेच हातवारे. "पलीकडून आलेली ही माणसं—" म्हणाला आणि थांबला. हात तोंडाशी गेला. पाणी प्यायला, आणि रस्त्यांच्या खड्ड्यांवर बोलू लागला. आज सगळीकडे एकच चर्चा, नगाऱ्याची नवी कवळी हलली. माझ्या कामाचं नाव खराब!

हलली नाही. तो चर मी कोरला आहे.