मागची भिंत आणि आबांचं अंगण

६ नोव्हेंबर
परत फुगली! दिवाळीआधी मारलेला रंग, मागच्या खोलीत पापुद्रे होऊन पडतोय. हात लावला तर पांढरी भुकटी. तेजस्विनीचा पलंग, पुस्तकं, कपडे – सगळं हॉलमध्ये. पोरीचं दहावीचं वर्ष, आणि ती नुसती खोकतेय. ओंकारचं एकच – "सिल्वासात पाऊसच एवढा पडतो." मग शेजाऱ्यांच्या भिंती कोरड्या कशा? त्यांना पावसाने वगळलं का! नवरा तसा बरा आहे, पण घरात काही बिघडलं की त्याच्या अंगात ऑफिस येतं. फाइल पुढे सरकवायची, झालं.

७ नोव्हेंबर
रंगवाला म्हणतो, आता डबल वॉटरप्रूफ मारू. चहासुद्धा विचारला नाही मी त्याला.

९ नोव्हेंबर, रविवार
आज कळलं. कळलं आणि डोकंच फिरलं.

ओल जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच आहे. वर भिंत ठणठणीत. म्हणजे पाणी वरून येत नाही, खालून चढतंय. शाळेत मीच शिकवते – खडूचं टोक शाईत धरा, शाई वर चढते! बाहेर जाऊन बघितलं तर मागच्या बाजूला घराचं जोतं दिसतच नाही. मातीत गडप. जोत्यावर ओल अडवणारा थर असतो, माती त्याच्याही वर वीतभर चढलीय. ओली माती थेट विटांना चिकटून! मग तो थर असून नसून सारखाच.

आणि माती कोणी घातली? आबांनी. माझ्या सासऱ्यांनी! रत्नागिरीहून येऊन जन्म गेला, तरी दर दिवाळीनंतर अंगण घालायचं. माती पसरायची, पाणी मारायचं, चोपायची, शेणाने सारवायची. जुनी खरवडायची नाही, तिच्यावरच नवी. आधी दोन-चार पाट्यांत भागायचं. गेली दोन वर्षं गलोंड्याहून मातीची अख्खी ट्रॉली येते.

बोललेच. "गावाला दरसाल घालतो आम्ही. कोणाची भिंत भिजली?" अहो आबा, गावाला कमरेएवढं जोतं, जांभ्या दगडाचं. इथे जेमतेम तीन विटा! "तू मला अंगण शिकवतेस?" हो, शिकवते. गप्प बसायचं तरी किती!

१० नोव्हेंबर
ट्रॉली आली! एवढं सांगूनसुद्धा!

शाळेतून आले तर मागच्या दाराशी ढीग. आबा फावड्याने माती ओढत होते, भिंतीलगतच. घामाने निथळत होते. आई, म्हणजे सासूबाई, दारात पाटावर बसलेल्या. "करू दे गो त्यांना. त्यांचा जीव आहे अंगणात." म्हटलं, त्यांचा जीव अंगणात, आणि माझ्या पोरीच्या जिवाचं काय? त्यांना तोंडावर बोलले.

११ नोव्हेंबर
ओंकारला समजवायला पाठवलं. बाप-लेक क्रिकेट बघत बसले.

१४ नोव्हेंबर
तेजस्विनीला वर्गात दम लागला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न – "घरात ओल आहे का?" शरमेने मान खाली गेली. आता हॉलमध्येही तो कुबट वास येतो. बस्स झालं. नरोलीच्या गोकुळ गवंड्याला फोन केला. कोणाला विचारणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
काढली! सगळी माती काढली.

गोकुळ आणि त्याची बायको चिमाबाई सकाळीच आले. मी कमरेवर हात ठेवून उभी. आबा पाठ करून खुर्चीत. गोकुळ दबक्या आवाजात म्हणाला, "ताई, बाबा तर लई नाराज दिसून राहिले. पूरी माती काढू का?" म्हटलं, पूरी काढ. दुपारी जोतं उघडं पडलं, वरचा काळा थरसुद्धा दिसला. भिंतीलगत हातभर रुंद चर, त्यात खडी. पुढची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती, म्हणजे पाणी भिंतीशी थांबणार नाही. आतलं प्लास्टर खरवडलं, विटांना वारा लागू दे. मागच्या दाराखाली दोन पायऱ्या निघाल्या, विसरलेच होते.

आबा जेवले नाहीत. नका जेवू!

१९ नोव्हेंबर
शाळा लवकर सुटली. मागून आत येत होते. आई दारात, चौकटीला घट्ट धरून. एक पाय खाली सोडलेला – हवेत जमीन चाचपत होत्या. मी चार हातांवर. "कोण गो?" म्हणाल्या.

आबा धावत आले. "दोन वर्षं झाली, तिला पायाखालचं दिसत नाही. पायरी बुजवली की एकटी जायची अंगणात. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती तिने."

मी पुढे होऊन आईंचा हात धरला. आई म्हणाल्या, "आधी भिंत वाळू दे. मी बसेन आत."