वरच्या खुंटीची तात

जुने शहर, अकोला
ता. १२ मार्च १९५८

चि. देवमन यास शेषरावाचा जयभीम व आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडचे कळवत जावे.

सोबत तुझ्या व्हायोलिनसाठी आतडी पिळून केलेल्या ताती पाठवतो आहे. त्यांना खरं काय लागलं ते लिहून ठेवतो, म्हणजे खुंटी पिळताना तुझा हात जपून चालेल. बारा बकऱ्यांची आतडी, त्यांतली नऊ वाया. आमच्या पिंजारी इमामभाईचे आठ दिवस. राखेच्या पाण्यात वाया गेलेली दोन मडकी. आणि तुझ्या वहिनीचा चार दिवस अबोला. मडकी नवी आणली, इमामभाईला समजावलं, अबोला मात्र अजून थोडा शिल्लक आहे. मैनाचं म्हणणं असं की दीक्षा घेतली तेव्हा मेल्या ढोराचं काम सोडलं, अन् आता हा माणूस अंगणात आतडी वाळत घालून राहिला. मी तिला सांगितलं की ते काम लोकांनी लादलेलं होतं, हे मी भावासाठी हौसेनं करतो. त्यावर म्हणाली, वास तर सारखाच येते.

इमामभाईलाही आधी पटत नव्हतं. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीची तात दोरीएवढी जाड, अन् तुले पाहिजे केसाच्या थोरल्या भावाएवढी. पण एकदा हात बसला तसा स्वतःच रंगला. आता गल्लीत सांगत फिरतो की गोऱ्या साहेबाचा बाजा माझ्या तातीवर बोलते.

माझ्या कानाची पारख तू जाणतोस. जिनात रुईचे बोजे उचलणाऱ्या माणसानं गादीचं दुकान घातलं ते अक्षरांच्या जोरावर नाही, कानाच्या. धनुकलीच्या आवाजावरून मी रस्त्यातूनच सांगतो की कापूस ओला आहे की कोरडा. माझे डोळे बांध, मधे भिंत घाल, अन् वाजव तात की पोलादी तार. चुकलो तर दुकानाची पाटी उतरवीन.

सौ. मनकर्णाला आशीर्वाद. पत्र लिहिण्यात तुझा हात व्हायोलिनच्या गजासारखा चालत नाही, तो चालव.

तुझा
शेषराव


अमरावती
ता. १८ मार्च १९५८

ती. शेषरावदादांच्या सेवेशी देवमनचा जयभीम वि. वि.

ताती पोचल्या. पहिली चढवली तेव्हा आमचे मिशनचे साहेब शेजारी उभे होते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि इमामभाईंचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. वहिनींना सांगा, त्यांचा अबोला कारणी लागला.

आता जरा काळजीचं लिहितो. साहेब मे महिन्यात कायमचे मायदेशी जात आहेत. त्यांची ही वाद्यं दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या घडणीची, आणि आम्ही वाजवतो ती चीजही त्या काळचीच. जुनं लाकूड पातळ असतं. त्याला तातीचा सौम्य ताण सोसतो, पोलादी तारेनं ते हळूहळू तडकतं. इतके दिवस ताती विलायतेहून येत, आता सरकारनं आयात आवळल्यापासून बंद झाल्या. म्हणून साहेबांनी स्वच्छ सांगितलं की वीस एप्रिलच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये तुम्ही पाचजण लोकांपुढे वाजवा. इथल्या हातची तात टिकते असं दिसलं तर सगळी वाद्यं तुमच्या मंडळाला देऊन जाईन. पोलादच चढणार असेल तर सोबत नेईन.

म्होरक्या मी. हातात काठी घेऊन पुढे उभा राहणारा आमच्यात कोणी नसतो. मीच वाजवतो, आणि माझा श्वास व गजाचा पहिला झुकाव बघून बाकीचे चौघे निघतात. भगवंतराव कंपाउंडर गुडघ्यांत मोठं वाद्य धरतात, ते मला बघत नाहीत, माझी सावली बघतात म्हणतात. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या दिवशी मला वाटलं होतं की मिशनचे साहेब हा गज काढून घेतील. ते एवढंच म्हणाले की उद्याच्या सरावाला वेळेवर ये. दादा, हे वाद्य माझ्या हातून जाऊ नये असं फार वाटतं.

अडचण वरच्या खुंटीची आहे. सर्वांत बारीक तात तिथे लागते आणि उन्हानं तीच तुटते. तशा दोन हव्यात. नवी तात तीन दिवस सैलावत राहते, सूर धरत नाही. म्हणून सतरा तारखेपर्यंत हाती यावी. याहून जास्त काही मागत नाही.

आपला धाकटा
देवमन


जुने शहर, अकोला
ता. १६ एप्रिल १९५८, बुधवार

चि. देवमन यास जयभीम व आशीर्वाद.

घाईत लिहितो. दोन बारीक ताती आजच पार्सलनं निघत आहेत. लग्नसराईनं दुकानात उभं राहायला जागा नाही, पण तुझं काम आधी. रविवारी आम्ही सगळे येतो. तुझी वहिनी नवं लुगडं नेसणार आहे, तेव्हा बेसूर वाजवू नको.

तुझा
शेषराव


जुने शहर, अकोला
ता. २३ एप्रिल १९५८

चि. देवमन यास जयभीम व पोटभर आशीर्वाद.

रविवारी गाडीच्या घाईत तुझ्याशी धड बोललो नाही, ते इथे बोलतो. तुमचा हॉल गच्च, पंखे आवाज करतात म्हणून बंद, लोक पत्रिकेनं वारा घेत बसलेले. तुम्ही बराच वेळ खुंट्या पिळून सूर जुळवलेत, अन् आमच्या रांगेतल्यांनी त्यालाच टाळ्या दिल्या. तुझी वहिनी म्हणाली, पहिलं गाणं लहान होतं पण बरं होतं.

मग तू श्वास घेतलास. शेवटच्या रांगेत मला तो ऐकू आला. पाचजण एकदम निघाले, जसे सुगीला पाच इळे एका ओळीत चालतात. त्यातलं मला काही कळलं नाही अन् काही सुटलंही नाही. आपला बाप दुसऱ्यांच्या दारी हलगी वाजवत उभा राहायचा, अन् त्याचा पोरगा खुर्च्या मांडलेल्या हॉलमध्ये पुढे बसून चौघांना चालवून राहिला. मी रुमाल काढला. तुझ्या वहिनीला सांगितलं की घाम आहे.

अन् वरच्या खुंटीची तात. ती बोलली तशी मी ओळखली. पोलाद कानाला टोचते, तात कानात बसते. हा इमामभाईचा हात, मी शेजारच्याला म्हटलं. मग साहेबांना गाठून सगळ्यांदेखत सांगितलं की ही आमच्या अकोल्याची तात, गादीवाल्याची. साहेब चांगलं मराठी बोलतात म्हणे, पण माझ्यापुढे नुसते हसले अन् माझा हात बराच वेळ धरून राहिले. तुझा चेहरा तेवढा उतरलेला दिसला. दमला असशील.

आता वाद्यं तुझीच. इमामभाईला सगळं सांगितलं, त्यानं मोहल्ल्यात रेवड्या वाटल्या.

तुझा
शेषराव


अमरावती
ता. १४ मे १९५८

ती. दादांस देवमनचा जयभीम वि. वि.

साहेब परवा बडनेऱ्याहून मुंबईला गेले. वाद्यं त्यांच्यासोबत गेली. वरून तसा हुकूम आला असावा. याबद्दल कुणाला दोष देऊ नये आणि इमामभाईंना काही कळवू नये, एवढं ऐकावं. शाळेत एक साधं व्हायोलिन आहे, प्रार्थनेपुरतं ते पुरतं.

मनकर्णाचा वहिनींना नमस्कार.

आपला
देवमन


जुने शहर, अकोला
ता. ९ फेब्रुवारी १९६६

चि. देवमन यास जयभीम व आशीर्वाद.

वाईट बातमी आहे. इमामभाई गुरुवारी गेला. दुकानात विजेचं पिंजण यंत्र आल्यापासून तो नुसता येऊन बसायचा. धनुकली मी भिंतीला टांगली होती, जाता जाता तिला टिचकी मारायचा. गेल्या आठवड्यात मला म्हणाला, शेठ, अमरावतीचा तो दिवस माझा होता. मी म्हटलं, तुझाच.

त्याला मातीत पोचवून आलो तेव्हापासून एक गोष्ट मला बसू देत नाही. ती तुला सांगून टाकतो. तुझ्या कार्यक्रमाआधीच्या बुधवारी मी ताती निघाल्या म्हणून लिहिलं, तेव्हा त्या पिळूनही झाल्या नव्हत्या. एका अडत्याच्या घरच्या लग्नाच्या चाळीस गाद्या होत्या. इमामभाई तातीला बसला होता, त्याला मीच उठवून कापसावर बसवलं. तो मले म्हणाला होता की शेठ, आधी साहेबाचं करू. मी ऐकलं नाही. पार्सल शुक्रवारी दुपारी टपालात पडलं. वेळेवर पोचलं म्हणून निभावलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

त्या साहेबाला मात्र मी आठ वर्षं शिव्या देतो आहे. इतकं ऐकून, माझा हात धरून, शेवटी बोचकं बांधून घेऊन गेला. गोरा तो गोराच. अन् तूही तसा वेडाच. एवढा चांगला चालणारा गज तू प्रार्थनेत कोंबलास. कावून, ते आजवर सांगितलं नाहीस.

या थोरल्यावर राग धरू नको.

तुझा
शेषराव


अमरावती
ता. १७ फेब्रुवारी १९६६

ती. दादांस देवमनचा जयभीम वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. इमामभाई आता नाहीत, म्हणून लिहितो. ते असते तर लिहिलं नसतं. आठ वर्षं मी मनात टपालखात्याला दोष दिला. तुम्ही आठ वर्षं साहेबांना दिला, आणि मी तुम्हाला अडवलं नाही. यातली दुसरी चूक मोठी, ती माझी.

साहेबांना शिव्या देऊ नका. वरून हुकूम वगैरे काही आला नव्हता. कार्यक्रम संपल्यावर, तुम्ही स्टेशनकडे गेल्यावर, ते माझ्याजवळ आले. वरच्या खुंटीला बोट लावून म्हणाले की देवमन, पहिल्याच सुराला कळलं होतं. दोष तुझा नाही, पण मी गेल्यावर हे असंच होत राहील. मी हो म्हटलं, कारण ते खरं होतं. तुम्ही त्यांना अकोल्याच्या तातीचं सांगत होतात तेव्हा त्यांनी तुम्हाला खोटं पाडलं नाही. मलाही ते जमलं नाही. मी मागे वळून पाहिलं होतं, तुमच्या हातात रुमाल होता.

पार्सल कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी आलं. दोन्ही ताती कागदात तशाच आहेत. त्यांतली एक सोबत पाठवतो, ती इमामभाईंच्या घरी द्या, एक माझ्याकडे राहू द्या. चाळीस गाद्यांचं मनाला लावून घेऊ नका, कुणाचा तरी संसार त्यांवर झाला असेल.

वहिनींना नमस्कार. जशी आजवर तशीच पुढेही सावली असू द्यावी.

आपला धाकटा
देवमन

ता. क. त्या रविवारी तुम्ही इमामभाईचा हात म्हणून ओळखलीत ती पोलादी तार होती. शनिवारी चौकातल्या पेटीवाल्याकडून आणली होती.