गोधडीत रुई नसते

मयूर विहार, दिल्ली
२ डिसेंबर

तीर्थरूप विजयाआत्याच्या पायांशी विनयचा दंडवत. (कंबर धरल्यामुळे तो सध्या खुर्चीत बसूनच घातला आहे. का धरली ते पुढे येईल.)

इकडे शालिनी, वल्लरी आणि मी खोकत असलो तरी मजेत आहोत. दिल्लीत डिसेंबरात न खोकणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानेच बघतात. तुझा गुडघा कसा आहे? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतेस की आठवेल तेव्हा? फोनवर विचारलं की तू ‘ठीक आहे’ म्हणतेस आणि ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून ठेवून देतेस. तुझ्या गॅसवर सदानकदा इतकं दूध असतं की मिरजेत तू डेअरी काढली आहेस असा वल्लरीचा समज आहे. म्हणून हे पत्र. यातलं शुद्धलेखन तू लाल पेनाने तपासणार हे मला माहीत आहे, पण त्यासाठी तरी तुला ते शेवटपर्यंत वाचावं लागेल.

श्रावणात तू न्हाणीघरात घसरलीस, दूधवाला येईपर्यंत तासभर तिथेच बसून राहिलीस, आणि आम्हाला हे कळवलंस दिवाळीत, तेही चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगता सांगता. तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. हा हिवाळा तू आमच्याकडे काढावास असं आमचं तिघांचं ठरलं आहे. गेल्या जानेवारीत येऊन गेले की, असं तू म्हणशील. आली होतीस, पंधरा दिवसांसाठी, आणि कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून पाचव्या दिवशी परत गेलीस. (कुंड्या दोन. त्यातल्या एकीत कोरफड.) खरं कारण आम्हाला ठाऊक आहे. दोन स्वेटर आणि त्यावर माझा कोट चढवून तू ओट्याशी स्टूल टाकून बसायचीस आणि शालिनीला कुकरच्या शिट्ट्या वाढवायला सांगायचीस. त्या पाच दिवसांत आम्ही वरणाऐवजी लापशी खाल्ली. तुझं काही चुकलं नाही. आमची ही सोसायटी ज्यांनी बांधली त्यांनी फक्त मे महिना डोळ्यांपुढे ठेवला होता. तेव्हा यंदा घर उबदार करायचंच असं मी मनावर घेतलं.

ऑफिसातला उल्हास या बाबतीत आमचा सल्लागार. (मूळचा नागपूरचा. दिल्लीत बत्तीस हिवाळे काढले आहेत आणि प्रत्येकाबद्दल सविस्तर सांगतो.) तो म्हणाला, थंडी पायातून चढते, आधी गालिचा टाक. मी चांगला हातभर लोकर असल्यासारखा दिसणारा गालिचा आणला. लिफ्ट बंद होती, तेव्हा तो खांद्यावर टाकून तिसऱ्या मजल्यावर नेला. कंबरेचा खुलासा इथे झाला. गालिचा अंथरल्यावर तुझ्या खोलीचं दार उघडेना. सुतार बोलावला, त्याने दार खालून बोटभर तासलं. दार उघडू लागलं, आणि त्याच संध्याकाळी वल्लरी शिंकू लागली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती लोकर घराबाहेर काढायला सांगितली. गालिचा आता उल्हासच्या दिवाणखान्यात आहे, आणि आमच्याकडे उरलं आहे ते खालून बोटभर आखूड दार, ज्यातून पूर्वी येत नव्हता असा वारा येतो. तिथे सध्या जुना टॉवेल गुंडाळून लावतो.

मग खिडक्यांच्या फटी बुजवल्या. त्या बुजवल्यावर हवा कोंडते म्हणून हवा शुद्ध करणारं यंत्र आणलं. त्याला एक दिवा आहे. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल, आणि लाल झाला की ते घरघरायला लागतं. बाहेर सगळं शहर धुरकटलेलं असताना हा दिवा शांतपणे हिरवा असतो. शालिनीने मोहरी-हिंगाची फोडणी टाकली की मात्र लाल. वांगं भाजायला ठेवलं तेव्हा तर ते दहा मिनिटं गुरगुरत होतं. शालिनीने ते मनाला लावून घेतलं आहे. फोडणी देण्याआधी ती त्याचं बटण बंद करते आणि नंतर दोन्ही खिडक्या उघडते, कारण घरात हवा खेळती पाहिजे हे तिला तिच्या आईने सांगितलं आहे. फटी बुजवायला मला दोन रविवार लागले होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. आधी एक घोट पाणी पी.

इथे थंडीच्या तोंडावर रजया उसवून त्यांतली रुई पुन्हा पिंजून भरून घेतात. आमच्या मार्केटमागे एक पिंजारी चाचा मशीन मांडून बसतात. यंदा तुझ्यासाठी एक रजई भरून घ्यायची होती. वल्लरीने ती नेऊन दिली, आणि तिच्याबरोबर तू मला दिल्लीला निघताना दिलेली गोधडीही दिली, पातळ झाली आहे, जरा भरून द्या म्हणून. पोरगी इथेच वाढली, अंगावर घ्यायचं जे जे जाड ते ते तिच्या लेखी रजई. दुसऱ्या दिवशी चाचांचा फोन आला. “साहब, ज़रा आकर देख लीजिए. इसमें रुई तो है ही नहीं, कपड़े ही कपड़े निकल रहे हैं.” मी धावतच गेलो. त्यांनी एक बाजू पूर्ण उसवली होती आणि मग कात्री बाजूला ठेवून दिली होती. मला म्हणाले, “यह खोलने की चीज़ नहीं थी. मुझसे गलती हो गई.” आत्या, ते माझ्यापेक्षा जास्त कानकोंडे झाले होते.

मग आम्ही दोघांनी मिळून थर मोजले. वर आजीचं हिरवं लुगडं, त्याखाली आजोबांची दोन धोतरं, माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्यांचे तुकडे (एकीला खिसा अजून आहे), तुझी ती जांभळी सुती साडी. आणि सगळ्यांच्या मध्ये, कुठेही न कापलेली, नीट पसरून टाचलेली तपकिरी लोकरीची शाल. कोपऱ्यावर लाल शाईचा डाग. शाळेत वीस वर्षं पुरी झाली म्हणून तुला मिळालेली. ती पांघरून तू पहाटे पेपर तपासायचीस आणि मी समोर बसून अभ्यास करायचो. ती शाल तर तू कोल्हापूरच्या बसमध्ये विसरली होतीस. निदान घरात तू तसं सांगितलं होतंस, आणि आजी जाईपर्यंत त्यावरून तुला बोलत होती. धांदरट आहेस, एक वस्तू सांभाळता येत नाही, असं चारचौघांत म्हणायची. तू मान खाली घालून ऐकून घ्यायचीस. मीही एकदोनदा हसलो होतो.

मी चाचांच्या स्टुलावर बसलो आणि चक्क रडलो. भर बाजारात, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात असताना. एकोणतीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की मला दिल्लीची थंडी बाधत नाही, आमच्या मिरजेचं हाडच काटक. ते हाड काटक नव्हतं, तुझी एकुलती एक गरम शाल माझ्या अंगावर होती. कॉलेजची चार वर्षं मला तुझ्या दोन खोल्यांत ठेवून घेतलंस, पलंग मला दिलास आणि स्वतः सतरंजीवर झोपलीस, ते मला ठाऊक होतं आणि त्याबद्दल मी मनात नेहमी हात जोडत आलो. हे ठाऊक नव्हतं. आभार मानलेले तुला आवडत नाहीत, पण मी मानतो आहे आणि तुला ऐकावे लागतील.

वल्लरी आणि शालिनीने गोधडी परत शिवायला घेतली होती. मोबाइलवर बघून बघून रविवारभर टाके घातले. जे तयार झालं ते एका कोपऱ्याकडून जाड आहे आणि उरलेल्या तिन्हींकडून त्याला गोधडी म्हणवत नाही. चाचांनी येऊन पाहिलं आणि चहा छान झाल्याचं सांगितलं. तेव्हा तू आलीस तर तुला इथे काम आहे, आणि तुला नुसतं बसवून ठेवणार नाही एवढा शब्द देतो. कोरफडीची सोय शेजारच्या देवयानीताईंकडे कर. चौदा तारखेचं गोवा एक्स्प्रेसचं खालच्या बर्थचं तिकीट सोबत जोडलं आहे. निजामुद्दीनला मी फलाटावर असेन.

घर आता छान उबदार झालं आहे. काळजी नसावी.

तुझा,
विनय

ता. क. हे पत्र वल्लरीने वाचलं. “बाबा, ही चीटिंग आहे यार. गोधडी तूच दिली होतीस, मी तर मना पण केलं होतं,” असं तिचं म्हणणं आहे. ते खरं आहे. गोधडीला रुई भरायला दिली ती मी, मिरजेत वाढलेल्या माणसाने.

ता. क. २. घर उबदार झालं आहे हेही फारसं खरं नाही. हीटर आणि गिझर एकदम लावले की सगळ्या घराची वीज जाते, त्यामुळे आंघोळ आणि ऊब यांपैकी एक काहीतरी निवडावं लागतं. शिट्ट्या हव्या तितक्या काढू असं शालिनीने कबूल केलं आहे.

ता. क. ३. वर ‘हा हिवाळा’ असं लिहिलं, ते तू घाबरू नयेस म्हणून. पाकिटात एकच तिकीट आहे, दुसरं शोधू नकोस. परतीचं काढलेलं नाही.